प्लेस्टेशन ५: खेळायला झकास, दुरुस्तीच्या नावानं बोंब

सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस५), टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल, भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचा ३९,९९० ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्हींवर पाच-पाच हजार चढले. वॉरंटी मात्र एकाच वर्षाची. म्हणजे पहिल्या खेपेतल्या यंत्रांची वॉरंटी २०२२ च्या फेब्रुवारीतच संपली, आणि घेणारा तर कन्सोल सहा-सात वर्षं वापरायचा या हिशेबानं घेतो. खेळ कसे दिसतात, लोडिंग किती झटपट होतं यावर पुष्कळ लिहून झालंय आणि त्यात वादही नाही. यंत्र वेगवान आहे, जुन्या पीएस४ सारखं विमानाच्या इंजिनासारखं घोंघावत नाही. इथे पाहायचंय ते वॉरंटी संपल्यानंतरच्या वर्षांत काय बिघडतं, का बिघडतं आणि दुरुस्ती कुठे अडते ते.

सुरुवात कंट्रोलरपासून, कारण सगळ्यात आधी तोच दगा देतो.

ड्रिफ्ट: दोष कुठे आहे

कंट्रोलरवरच्या, अंगठ्यानं फिरवायच्या स्टिकला हात न लावता पडद्यावरचा खेळाडू आपला आपण एका बाजूला सरकू लागतो, कॅमेरा हळूहळू छताकडे बघू लागतो. हाच तो स्टिक ड्रिफ्ट. डुअलसेन्सच्या, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरच्या, प्रत्येक स्टिकखाली एक धातूची चौकोनी डबी असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन छोटे पोटेन्शिओमीटर, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत फिरणारं धातूचं बारीक बोट. जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात जे असतं तेच. रेडिओचं बटण दिवसातून चारदा फिरतं. स्टिक मिनिटाला ऐंशी वेळा. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची भुकटी तिथेच साचते, आणि बोट मधोमध असूनही रेझिस्टन्स ‘मध्य’ सांगत नाही.

हा अपघात नाही, हिशेबात बसणारी झीज आहे. आल्प्स कंपनीच्या या जातीच्या मॉड्यूलचं आयुष्य वीस लाख फेऱ्यांचं धरलेलं आहे. आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या अमेरिकन कंपनीनं २०२१ मध्ये गणित मांडलं: धडाकेबाज नेमबाजीच्या खेळात हे वीस लाख साधारण ४१७ तासांत संपतात. रोज दोन तास खेळणाऱ्याला सात महिने पुरतील. फुटबॉल किंवा कार रेसिंग खेळणाऱ्याचं गणित वेगळं येईल, शांतपणे कोडी सोडवणाऱ्याचं आणखी वेगळं. पण एक वर्षाच्या वॉरंटीत आणि सहा वर्षांच्या वापरात जे अंतर आहे, ते या आकड्यातच दिसतं. नवा डुअलसेन्स भारतात आला तेव्हा ५,९९० रुपयांचा होता. झिजणारा भाग त्या किमतीपुढे चिल्लर.

एवढं ठाऊक असताना हा भाग बोर्डावर चौदा ठिकाणी डाग देऊन (सोल्डर करून) पक्का बसवलेला आहे. सहा पाय दोन पोटेन्शिओमीटरचे, चार दाबायच्या बटणाचे, चार डबीच्या कवचाचे. या रिव्ह्यूतली सगळ्यात मोठी तक्रार हीच. सोनीला बदलता येणारं मॉड्यूल करता येत नाही असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या डुअलसेन्स एजमध्ये ते आहे: एक खटका ओढा, मॉड्यूल बाहेर काढा, वीस डॉलरचं नवं घाला. पण तो कंट्रोलर दोनशे डॉलरचा. चपलेचा अंगठा बदलायची सोय हवी असेल तर आधी तिप्पट किमतीची चप्पल घ्या, असा हा प्रकार. शिवाय एजच्या मॉड्यूलमध्येही तोच घासणारा कार्बन.

बदलण्याआधी काय पाहावं

ड्रिफ्ट दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा उपाय वेगळा. कंट्रोलर केबलनं संगणकाला जोडा आणि ब्राउझरमधलं एखादं गेमपॅड टेस्टर उघडा. स्टिक मोकळी सोडून आकडा बघा (मध्य म्हणजे ०, टोक म्हणजे १). ०.०५ च्या आत असेल तर काळजी नको, खेळांतला डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीचा दुर्लक्षिला जाणारा भाग, तेवढं गिळतो. आकडा एका जागी स्थिर आहे पण मध्यापासून दूर, म्हणजे समजा कायम ०.१२, तर मध्य सरकलाय. कॅलिब्रेशननं, म्हणजे मध्य नव्यानं नोंदवून, हा जातो. आकडा नाचतोय, ०.०३ वरून ०.२० वर उडी मारतोय, स्टिक सोडल्यावर दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय, तर पट्टा झिजलाय किंवा त्यावर घाण आहे. त्याला कॅलिब्रेशन करून काही साधत नाही.

घरी करण्यासारखं आधी करून घ्या. कन्सोल बंद करून कंट्रोलरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून चार-पाच सेकंद दाबा, मग केबल लावून पीएसचं बटण दाबा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसरीजखाली कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का बघा. स्टिक एका बाजूला पूर्ण झुकवून फटीत कॉम्प्रेस्ड एअर मारा, चारही बाजूंनी. इतक्यानं गेला तर धूळ होती.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून स्टिक गोल गोल फिरवायची, ही युक्ती सगळेच सांगतात. चालते, पण आठवडा-दोन आठवडे. भुकटी बाजूला होते म्हणून बरं वाटतं. झिजलेला कार्बन काही परत उगवत नाही, आणि अल्कोहोल आतलं ग्रीसही धुऊन नेतं, त्यामुळे पुढची झीज जास्त वेगानं होते. वॉरंटीत असलेल्या कंट्रोलरवर हे मुळीच करू नका. द्रव आत गेल्याची खूण दिसली की ‘लिक्विड डॅमेज’चा शिक्का बसतो आणि हक्काची बदलीही हातची जाते.

मॉड्यूल बदलायचंच असेल तर

सोल्डरिंगचा हात नसेल त्यानं हा भाग दुकानदाराला प्रश्न विचारण्यापुरता वाचावा. पहिल्यांदा आयर्न हातात धरणाऱ्यानं सुरुवात डुअलसेन्सवर करू नये.

वरच्या कडेची एल१ आणि आर१ ची बटणं नखानं वर उचलून निघतात. स्टिकभोवतीची काळी पट्टी खालच्या टोकांकडून प्लास्टिकच्या पातीनं सोडवायची. ती खटक्यांवर बसलेली असते, घाई केली की खटका तुटतो आणि पट्टी कायमची डुगडुगते. आता चार फिलिप्स स्क्रू दिसतात, दोन पट्टीखाली मुठींजवळ, दोन एल१-आर१ च्या जागी. पीएच०० टोकाचा पेचकस लागतो. मागचं कवच मुठींकडून उघडत आणायचं.  ते निघालं की बॅटरीचा जोड काढायचा. बॅटरी जोडलेली ठेवून बोर्डाला आयर्न लावणारे महाभाग असतात, तसं करू नका. दोन्ही व्हायब्रेशन मोटारींच्या मिळून चार तारा डाग दिलेल्या असतात. कुठली कुठे, त्याचा फोटो काढून ठेवा आणि मगच सोडवा.

खरी कसोटी पुढे. कारखान्यातलं सोल्डर शिशाविरहित असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, आणि डबीचे चार पाय तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेले असल्यामुळे उष्णता झपाट्यानं पळते. म्हणून आधी भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचं रसायन), मग प्रत्येक पायावर थोडं शिसेवालं सोल्डर मिसळायचं, म्हणजे वितळबिंदू खाली येतो. मग सकरनं (सोल्डर ओढणाऱ्या पिचकारीनं) किंवा विकनं (ते शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) भोकं एकेक करून रिकामी करायची. चौदाच्या चौदा पाय मोकळे हलताहेत याची खात्री झाल्याशिवाय मॉड्यूल ओढायचं नाही. तेरा सुटले आणि चौदावा अडकला असताना जोर लावला, की भोकातलं तांब्याचं अस्तर उपसून येतं. बिघडलेल्या दुरुस्त्यांत सर्वाधिक बोर्ड इथेच मरतात. मग त्या पायाला बाहेरून बारीक तार ओढून जोड द्यावा लागतो आणि तो कितीही सुबक केला तरी जोडच.

नवं मॉड्यूल बसवलं की काम झालं असं समजणारे दुकानदार पुष्कळ. कॅलिब्रेशन न करता नवं मॉड्यूल नव्या ड्रिफ्टसकट परत मिळतं, कारण कंट्रोलरच्या स्मृतीत जुन्या भागाचा मध्य नोंदलेला असतो. पूर्वी यासाठी बोर्डावर जादा रेझिस्टर लावण्याचे खटाटोप चालत. आता क्रोम किंवा मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरांमध्ये चालणारं फुकट कॅलिब्रेशनचं साधन आहे: केबल लावायची, मध्य आणि घेर दोन्ही नोंदवायचे, आणि बदल कायमचा साठवायचा. हे शेवटचं बटण दाबायचं राहिलं की कंट्रोलर बंद होताच सगळं पुसलं जातं.

मॉड्यूल कुठलं घालावं? पुन्हा कार्बनचं घातलं तर पुन्हा तेच घड्याळ सुरू. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर जातीच्या मॉड्यूलमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर असतो, काहीच काहीला घासत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घाला, पण डुअलसेन्ससाठी बनवलेलं आहे ना हे पाहून. दुसऱ्या कंट्रोलरचं मॉड्यूल जागेवर बसतं पण आकडे चुकीचे देतं. झीज अगदी कमी असेल तर सगळं मॉड्यूल न काढता बाजूची हिरवी डबी उघडून आतली पांढरी चकती बदलण्याचाही मार्ग आहे. तो स्वस्त आहे आणि बोर्डाला उष्णता लागत नाही. पट्टा स्वतः खरवडला गेला असेल तर मात्र फुकट.

एचडीएमआय: पांढरा दिवा, काळा पडदा

दुसरी नेहमीची तक्रार. यंत्र सुरू होतं, दिवा पांढरा होतो, कंट्रोलरही जोडला जातो, टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. बहुतेक वेळा कारण सरळ आहे: केबल लावलेली असताना कन्सोल सरकवला, पडला, किंवा भिंतीला टेकवून ठेवल्यानं केबल मुरगळून राहिली. पोर्टला एकोणीस बारीक पिना असतात आणि त्या बोर्डाच्या पृष्ठभागावर नुसत्या टेकवून डाग दिलेल्या असतात. भार घ्यायचा तो कवचाच्या चार पायांनी. सतत आडवा ताण पडला की आधी पिना सुटतात.

दुकान गाठण्याआधी केबल बदला, टीव्हीचं दुसरं पोर्ट बघा, जमल्यास दुसरा टीव्ही. मग सेफ मोड: यंत्र पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरा, पहिली बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी; तेव्हा सोडा. सेफ मोडमध्ये चित्र कमी रेझोल्यूशनचं येतं. इथे चित्र दिसलं तर पोर्ट पूर्ण मेलेलं नाही. व्हिडिओ आउटपुट बदलायचा पर्याय वापरून बघा. त्याच यादीतले शेवटचे दोन ‘रीसेट’चे पर्याय सगळा डेटा पुसतात, उत्साहाच्या भरात तिकडे जाऊ नका. चित्र इथेही नसेल तर टॉर्च मारून पोर्टाच्या आत बघा. पिना एका ओळीत, सारख्या अंतरावर दिसायला हव्यात. एखादी वाकलेली किंवा आत ढकललेली दिसली की निदान झालं.

वॉरंटीत ही गोष्ट बसवणं अवघड जातं, कारण तुटलेलं पोर्ट म्हणजे ग्राहकानं केलेलं नुकसान असं धरलं जातं. बाहेरच्या कसबी दुकानात हे रोजचं काम आहे: खालून प्रीहीटर, वरून हॉट एअर, जुनं पोर्ट उचलायचं, पॅड साफ करायचे, नवं बसवायचं, मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पिन तपासायची. दुकानदारानं नुसतं पोर्ट बदललं आणि चित्र आलं नाही, तर दोन शक्यता उरतात. एक, पोर्टाजवळच्या इवल्याशा फिल्टरांपैकी एखादा हवेच्या झोतानं उडाला किंवा आधीच जळला. दोन, एचडीएमआयचा सिग्नल तयार करणारी चिप, पॅनासोनिकची एमएन८६४७३९, गेली. वीज कडाडत असताना सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि कन्सोल एकाच गुंत्यात जोडलेले राहिले तर असं होऊ शकतं. जाणकार माणूस आयर्न हातात घेण्याआधी मल्टिमीटर डायोडवर ठेवून सगळ्या ओळी मोजतो. जो न मोजता ‘पोर्ट गेलंय’ म्हणतो, त्याच्याकडून यंत्र परत घ्या.

उष्णता आणि लिक्विड मेटल

पीएस५ च्या मुख्य चिपवर नेहमीची थर्मल पेस्ट नाही, गॅलियमचं द्रवरूप मिश्रण आहे. उष्णता वाहून नेण्यात ते पेस्टच्या कितीतरी पुढे, म्हणून तर पंखा शांत राहतो. पण हा द्रव वीजवाहक आहे आणि ॲल्युमिनियमला खातो. तो सांडू नये म्हणून चिपभोवती स्पंजाची चौकट असते. यंत्र आपटलं किंवा कुणी आधी उघडून चौकट नीट बसवली नाही, तर मेटल एका कडेला ओघळतं, चिपचा काही भाग कोरडा पडतो, आणि जड खेळ सुरू केल्यावर वीस मिनिटांत ‘तापमान जास्त’चा इशारा येऊन यंत्र बंद होतं. उभं ठेवल्यानं हे होतं का, यावर २०२३ च्या सुरुवातीला बराच गदारोळ झाला. न उघडलेल्या यंत्राला उभं ठेवायची भीती बाळगू नये. उघडून परत जोडलेलं यंत्र मात्र आडवंच ठेवावं. सोनीनं पुढे पीएस५ प्रो या वरच्या मॉडेलमध्ये मेटल जागेवर राहावं म्हणून बारीक खाचा दिल्या, यातून काय समजायचं ते समजा.

घरी हे उघडू नका. आणि दुकानदार ‘लिक्विड मेटल काढून चांगली पेस्ट लावून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. पेस्ट लावलेला पीएस५ उन्हाळ्यात नागपुरात किंवा जळगावात कसा वागेल हे सांगायला तज्ज्ञ नको.

तापण्याची बरीच प्रकरणं मुळात धुळीची असतात. बाजूची पांढरी पाती हातानं निघतात, हत्यार लागत नाही, आणि आत धूळ साठवणारी दोन भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत. तीन-चार महिन्यांनी तिथे व्हॅक्यूम लावा. पंखा फिरू न देता, बोटानं धरून. टीव्हीच्या बंद कपाटात कन्सोल ठेवून वर भरतकामाचं कव्हर घालायची आपल्याकडची हौस या यंत्राला मानवत नाही. कोकणात पावसाळ्यात महिना-महिना बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलेलं बरं, आतला दमटपणा जातो.

श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं: जादा एसएसडीची (वेगवान साठवणीच्या पट्टीची) जागा त्याच पात्याखाली आहे, एक झाकण, एक स्क्रू, आणि घातल्यानं वॉरंटी जात नाही. चौथ्या पिढीची (पीसीआयई ४.०) एनव्हीएमई एसएसडी, हीटसिंकसकट (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीसकट), सेकंदाला ५,५०० एमबी वाचणारी घ्या. दुसऱ्या टोकाला आतली मूळची ८२५ जीबी साठवण बोर्डावरच डाग दिलेली. बोर्ड मेला की तुमचे जतन केलेले खेळ त्याच्याबरोबर सती जातात.

डिस्क ड्राइव्हची तऱ्हा आणखी वेगळी. मूळच्या मॉडेलात तो मदरबोर्डाशी कूटचावीनं बांधलेला आहे. दुसऱ्या पीएस५ मधून चांगला ड्राइव्ह काढून लावला तर खेळ वाचत नाही. जुन्या ड्राइव्हचा छोटा बोर्ड नव्यात घालावा लागतो. तोच बोर्ड जळला असेल तर बाहेरच्या दुरुस्तीवाल्याचे हात बांधलेले. अमेरिकेत २०२१ मध्ये कॉपीराइट कार्यालयानं कन्सोलची कुलपं दुरुस्तीसाठी तोडायला सूट दिली, ती फक्त डिस्क ड्राइव्हपुरती. कॅलिफोर्नियाच्या दुरुस्ती-हक्काच्या कायद्यातून तर गेम कन्सोल सरळ वगळलेत. भारतीय ग्राहकाला सुटे भाग का मिळत नाहीत, याचं उत्तर बरंचसं तिकडे आहे.

सेवा केंद्रात जाण्याआधी

अधिकृत केंद्रात चिप पातळीवरची दुरुस्ती मिळेल ही अपेक्षा सोडून जा. कन्सोलच्या धंद्यात रीत अशी आहे: पूर्ण बोर्ड बदला नाहीतर पूर्ण यंत्र बदला. वॉरंटीत हे ग्राहकाच्या पथ्यावर पडतं. वॉरंटीबाहेर तीच रीत म्हणजे चार आण्याच्या भागासाठी बारा आण्याचं बिल, आणि दोन्ही वेळा डेटा जातो. चित्र येत असेल तोवर बॅकअप घ्या. सेटिंग्ज, सिस्टिम, सिस्टिम सॉफ्टवेअर, बॅकअप अँड रिस्टोअर. यूएसबी ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. पीएस५ च्या खेळांचे सेव्ह सुटे सुटे यूएसबीवर घेता येत नाहीत, ते फक्त प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीवाल्या सेवेच्या क्लाउडवर जातात. वर्गणी भरत नसाल तर पूर्ण बॅकअप हाच एक रस्ता.

जीएसटी बिल, सीरियल नंबरचा फोटो, सगळ्या बाजूंचे आणि पोर्टांचे फोटो, दोष दाखवणारा मिनिटभराचा व्हिडिओ, एवढं सोबत ठेवा. जॉब शीटवर (यंत्र जमा करताना केंद्र देतं त्या कागदावर) दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘कंट्रोलर प्रॉब्लेम’ नको, ‘डावी स्टिक मोकळी असताना उजवीकडे जाते, रीसेट करून फरक नाही’ असं हवं. आणि बाहेरून तुटफूट नाही, हे वाक्य तिथल्या माणसाच्या सहीनं. आठवड्यानं ‘आत फिजिकल डॅमेज आहे’ असा फोन आला तर हाच कागद कामाला येतो. बदली यंत्र मिळालं तर नवा सीरियल नंबर आणि उरलेली वॉरंटी कागदावर मागा, आणि जुनं यंत्र तुमच्या खात्यातून काढून टाका.

बाहेरच्या दुकानात, मग ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो की पुण्यात पासोड्या विठोबापाशी, प्रश्न वेगळे विचारायचे. प्रीहीटर आणि मायक्रोस्कोप आहे का? कुठला भाग घालणार आणि जुना परत देणार का? दुरुस्तीवर किती दिवसांची हमी? परत देताना दोन तास खेळ चालवून दाखवणार का? ‘नुसती हीट मारून देतो’ हे वाक्य ऐकलं की उठा. त्या वाक्याला इतिहास आहे.

बाकीच्यांचं काय

इतिहास एक्सबॉक्स ३६० चा. २००५ मध्ये आलेल्या त्या यंत्रावर तीन लाल दिवे लागायचे आणि खेळ खलास. चालू-बंद होताना चिप तापून-निवून आतले बारीक सोल्डरचे जोड तडकत. लोकांनी टॉवेलात गुंडाळून तापवण्यापर्यंत उपाय केले. हीट गननं जोड तात्पुरता टेकायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा दिवे. पण मायक्रोसॉफ्टनं ५ जुलै २००७ रोजी या एका दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली, आधी पैसे भरलेल्यांना परत दिले आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. यंत्र वाईट, निस्तरणं चांगलं. आजच्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरातही घासणारा कार्बनच आहे, पण मागे पाच टॉर्क्स स्क्रू (पाचवा बॅटरीच्या कप्प्यातल्या लेबलाखाली लपलेला) काढले की उघडतो, आणि पेन्सिल सेलवर चालत असल्यानं बॅटरी मेली म्हणून फेकावा लागत नाही.

निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनचा ड्रिफ्ट तर जगजाहीर. कंपनीच्या अध्यक्षांनी जून २०२० मध्ये दिलगिरी व्यक्त केली. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी एकत्र तक्रार केल्यावर २०२३ मध्ये तिथे वॉरंटी संपल्यानंतरही फुकट दुरुस्ती मान्य झाली. आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. मुंबईच्या हीरा पन्ना बाजारातून घेतलेल्या यंत्राची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. त्यातल्या त्यात दिलासा असा की जॉय-कॉनची स्टिक डाग दिलेली नाही, रिबन केबलवर आहे. तीन पाकळ्यांचा वाय००, एक बारीक फिलिप्स, चिमटा आणि अर्धा तास. सोनीनं इतकं जरी केलं असतं तर वरचा निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

तक्रार पुढे न्यायची तर

आधी कंपनीला ईमेल, जॉब शीटच्या क्रमांकासह. फोनवरच्या गोडगोड आश्वासनांचा पुरावा राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ही पायरी फुकट आहे आणि बरीच प्रकरणं इथेच हलतात. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. यंत्र ऑनलाइन घेतलं आणि विक्रेता गुरुग्रामचा असला तरी सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर करता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून दावा लावायचा विचार असेल तर मधल्या काळात यंत्र बाहेर उघडू नका. उघडलेल्या यंत्रात मूळ दोष कोणाचा, हा वाद जिंकणं महाकठीण.

जुना घेताना

पीएस५ प्रो २०२४ मध्ये आला तेव्हा सोनीनं तो भारतात आणला नाही, सहा गिगाहर्ट्‌झच्या वायफायला तेव्हा इथे परवानगी नव्हती म्हणून. म्हणून जुना प्रो दिसला तर तो बाहेरून आलेला नाही ना, हे आधी तपासा. साधा पीएस५ जुना घेताना विक्रेत्याच्या घरी जाऊन अर्धा तास मागा. जड खेळ वीस मिनिटं चालवा, मागून येणारी हवा आणि पंख्याचा आवाज बघा. डिस्क घालून खेळ इन्स्टॉल होऊ द्या. एचडीएमआयची केबल पोर्टात हलकेच हलवा; चित्र तुटलं तर किंमत पाडा नाहीतर निघा. कंट्रोलर लॅपटॉपला लावून आकडे बघा. शेवटी पातं काढून स्क्रू पाहा: खाचा झिजलेल्या, चकाकणारं धातू दिसतंय, तर हे यंत्र आधी उघडलेलं आहे. विक्रेता काहीही म्हणो, आत मेटल आहे की पेस्ट, हे त्यालाही ठाऊक नसेल.